खांद्याच्या शेवया

शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मानयू पहिली आली त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते आणि जीभ टाळूला टेकत नव्हती. शनिवारी वसतिगृहातून घरी येताना बसमध्ये एका आजोबांनी खिडकीजवळच्या जागेवर बदकांचा पिंजरा ठेवला होता. बदकांना बाहेरचं काही बघायचं नसतं, उलट वाऱ्याने सर्दी होते, हे तिने त्यांना असं काही पटवून दिलं की त्यांनी पिंजरा मुकाट मांडीवर घेतला. पंधराव्या वर्षी असं जमायला लागलं की वाटतं, जगातली झाडून सगळी दारं तोंडानेच उघडतात.

घरी पोचली तर दाराच्या चौकटीवर छापील कागद. खळ अजून ओली होती. यापुढे कुणालाही पुरायचं नाही, सगळ्यांना जाळायचं आणि राख डबीत ठेवायची. म्हणून घराघरांत म्हाताऱ्यांनी करून ठेवलेल्या शवपेट्या रविवारी दुपारी गोळा केल्या जातील. खाली लाल शिक्का.

आजी आतल्या खोलीत पेटीला रोगण लावत होती.

ही पेटी मानयूपेक्षा सात वर्षांनी मोठी. आजीला पंचावन्नावं लागलं तेव्हा गावातल्या शुइगेनकाकाने आणि त्याच्या वडिलांनी डोंगरातलं जुनं देवदार पाडून ती केली होती. दर वसंतात रोगणाचा एक हात, बावीस वर्षांत बावीस हात; आता तिच्यात तोंड दिसायचं. आत आजी सुक्या शेवया ठेवायची, तांदळाच्या, गवताच्या काडीने बांधलेल्या जुड्या एकावर एक. त्या लाकडाला ना कीड लागायची ना उंदीर फिरकायचा. लहानपणी मानयू लपाछपीत त्यातच लपायची आणि पांढरं नाक घेऊन बाहेर यायची, म्हणून दर वेळी पकडली जायची.

"आजी, दारावरचं वाचलंस?"

"मला कुठे वाचता येतं? कागद चिकटवायला आलेल्या त्या फाइलवाल्या सरकारी पोराने वाचून दाखवलं. गोड आवाज आहे हो त्याचा."

"आणि तू रोगण लावतेयस?"

"मग? उद्या बघायला यायचेत तिला. पोरीला बघायला येतात तेव्हा पावडर नाही लावत?"

बोलली अशी, पण ब्रश मघापासून एकाच जागी फिरत होता.

समुद्राकडच्या शहरात बूट शिवायच्या कारखान्यात असलेल्या बाबांचा फोन येऊन गेला होता. "आई, सगळ्यांनी दिल्या, तूही दे. आणि मानयूकडे फोन देऊ नकोस, ती मला भाषण ठोकेल," असं म्हणाले म्हणे.

"तुला काय वाटतं ते सांग ना," मानयू म्हणाली.

आजीने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मला काय वाटायचंय. तुझे आजोबा वर टेकडीवर सगळ्या हाडांनिशी पडलेत, शेजारी माझी जागा सोडून. आता माझी डबी नेऊन ठेवली तर म्हणतील, ही कुणाची गं तपकिरीची डबी? ओळखणार कसे मला?"

ती हसली. मानयूला मात्र हसू आलं नाही. आजीला आयुष्यात कुणाकडे काही मागताना तिने पाहिलं नव्हतं. मागितली असेल तर ही एवढी लाकडाची पेटी, तीसुद्धा मेल्यावर लागणारी.

मग मानयूचं डोकं चालायला लागलं. खालच्या गावात पेट्या न्यायला मोठं यंत्र आणलं होतं, पण तिथे रस्ता होता. इथल्या बोळात समोरून म्हैस आली तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं. म्हणजे उचलायला माणसंच हवीत. "कोण येणार आहे उचलायला?"

"कोण म्हणजे? आपलेच. शुइगेन, भोपळ्या आणि ते दोघे फान भाऊ. आणखी उरलंय कोण गावात खांदा द्यायला?"

"सुटलो!" मानयू ओरडली. "आजी, सुटलो आपण!"

या गावात पेटीला खांदा द्यायचा तर आधी त्या घरच्या शेवया खाव्या लागतात. रोजच्या शेवया रश्शातल्या. खांद्याच्या शेवया कोरड्या, थेंबभर रस्सा नाही. खांदेकऱ्याच्या पोटात पाणी डचमळलं तर पेटी डचमळते. वर डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे अंगठ्याएवढे जाड तीन तुकडे. खाऊन झालं की वाडगा बाकावर पालथा. न खाता पेटीला कुणी हात लावत नाही. खाऊन उचलली नाही तर खांदा सडतो. आणि एका माणसाच्या नावाने हे जेवण एकदाच होतं.

"तर आपण त्यांना वाढायचं," मानयू म्हणाली. "न खाता उचलायची नाही, हा त्यांचाच नियम. आणि खायच्या कशा? तू तर समोर धडधाकट उभी! जिवंत माणसाच्या खांद्याच्या शेवया खायला कोण धजेल? भोपळ्याकाका तर साधं घुबड ओरडलं तरी उंबरा ओलांडत नाही."

"आणि खाल्ल्या तर?"

"नाही खाणार गं."

"तुझ्या जिभेला हाड नाही," आजी म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिने पेटीचं झाकण सरकवलं आणि शेवयांच्या चार जुड्या मोजून काढल्या. "घे, भिजत घाल. खोटं जेवण घालायचं तरी शिजवावं खरंच लागतं."

रविवारी सकाळी तिने खरंच शिजवलं. मांसाचा अखंड तुकडा आधी आल्याबरोबर पाण्यात उकळून काढला, काडी टोचून बघितली, निवल्यावर कापला. कापताना सुरीवर अंगठा ठेवून जाडी मापली. मग लोखंडी कढईत तुकडे नुसतेच टाकले. चरबी आपली आपण सुटली, कडा सोनेरी झाल्या, आणि त्या चरबीत सुक्या मिरच्या, लसणाची पात, खारवलेले काळे सोयाबीन, वरून तांदळाच्या दारूचा शिंतोडा. धूर असा उठला की शेजारचं कुत्रं भिंतीवर पाय लावून उभं राहिलं.

शेवया उकळून गार पाण्यात ठेवल्या होत्या. "अलगद उचल," आजी म्हणाली. "तुटता कामा नये. शेवई तुटली तर खांदा निसटतो."

मानयूच्या काड्यांमधून तुटायच्याच. तुटलेली प्रत्येक शेवई आजी बोटांनी वेचून स्वतःच्या तोंडात टाकत होती. मानयू तिला आदल्या दिवशीच्या बदकांची गोष्ट सांगत होती, आजी हसत होती, आणि लग्नघर असावं तसं ते स्वयंपाकघर झालं होतं.

दुपारी चौघे आले. मागे फाइलवाला, घामाघूम, पंचविशीचा पोरगा. पूर्वी गावात आठ खांदेकरी असायचे. बाकीचे शहरांत गेले, म्हणून आता हे चारच, पन्नाशी उलटलेले, एकेकाने दोघांचं वजन घ्यायचं.

"तिसऱ्या काकू, वास तर वेशीपर्यंत आलाय हो!" भोपळ्या दारातूनच म्हणाला; आजोबा भावांत तिसरे, म्हणून आजी सगळ्या गावाची तिसरी काकू. "आम्हाला शिव्या मिळतील म्हणून तयारीने आलो होतो, आणि इथे मेजवानी?"

"शिव्या पण आहेत. आधी बस," आजी म्हणाली.

अंगणातल्या बाकावर चार वाडगे मांडलेले होते. भोपळ्याने वाकून बघितलं. कोरड्या शेवया. तीन तुकडे, अंगठ्याएवढे जाड. तो असा मागे सरकला की धाकट्या फानच्या पायावरच पडला.

"अगं आई गं! काकू, हे... हे कुणाचं?"

"माझंच," आजी म्हणाली. "पेटी माझी, तर शेवया दुसऱ्या कुणाच्या?"

फाइलवाल्याला काहीच कळलं नव्हतं. "वा, आजीबाई!" म्हणत त्याने एका वाडग्याला हात घातला, तेव्हा मानयू पुढे झाली. आपला आवाज स्पर्धेतल्यासारखा खणखणीत लागतोय हे तिला स्वतःलाच ऐकू येत होतं.

"ज्याला खांदा द्यायचाय त्यानेच खायचं. देताय खांदा? नाही ना? मग ठेवा. आणि काका, तुम्ही चौघे ठरवा. न खाता उचलाल तर गावात तोंड दाखवता येणार नाही. खाल तर जिवंत बाईचं खाल्लंत. कसं करता?"

थोरला फान खाली बघायला लागला. भोपळ्या म्हणाला, "मी आपला घरी जातो. माझं पोट बिघडलंय." आणि तो खरोखर दाराकडे वळला. मानयूला वाटलं, टाळ्या आता पडतील.

फाइलवाल्याने कपाळ पुसलं. आवाज खरंच गोड होता त्याचा. "ताई, मला तुमचे रीतिरिवाज माहीत नाहीत. मला संध्याकाळपर्यंत आकडा कळवायचाय. ही माणसं नाही म्हणाली तर यंत्र मागच्या शेतातून येईल. स्वयंपाकघराची भिंत पाडावी लागेल. आणि मग पेटी उचलत नाहीत, जागच्या जागी चावतात. खालच्या गावात तसंच झालं. मला ते बघवत नाही, पण माझं ऐकतं कोण?"

शुइगेनकाका आतल्या खोलीत गेला. मानयूला दारातून दिसत होता: पेटीच्या कडेवरून त्याने हात फिरवला, जिथे दोन फळ्या जुळतात तिथे अंगठा थांबवला. वडिलांच्या हातचा सांधा असणार तो. मग बाहेर आला, बाकावर बसला आणि वाडगा पुढे ओढला.

"काका!" मानयू किंचाळली. "ती जिवंत आहे!"

"दिसतंय मला. म्हणून तर विचारून खातोय." त्याने मान वर केली. "तिसऱ्या काकू, लोखंडाच्या दाढेत इथे, तुमच्या चुलीपुढे जायच्याऐवजी आमच्या खांद्यावरून बाहेर जाऊ दे तिला. रीतीने. खाऊ?"

आजी उभी होती. तिने घरातलं ठेवणीतलं काळं जाकीट घातलं होतं, ते कधी घातलं हे मानयूच्या लक्षातच आलं नव्हतं.

"गार होतायत," आजी म्हणाली. "खा."

तो खायला लागला. मग थोरला फान बसला, मग धाकटा. भोपळ्या दारातून परत आला आणि रडत रडत बसला, नाकातलं पाणी पुसत प्रत्येक तुकडा चावून खाल्ला. अंगणात चार माणसांच्या चावण्याचा आवाज, बाकी काही नाही.

"मीठ बरोबर आहे का रे?" आजीने विचारलं.

"बरोबर आहे, काकू," शुइगेन म्हणाला.

आजवर गावात कुणालाच आपल्या खांद्याच्या शेवयांचं मीठ बरोबर पडलं का ते कळलं नव्हतं. तिला कळलं.

चार वाडगे पालथे झाले. "घरचं कुणी?" शुइगेनने हळूच विचारलं. खांदेकऱ्यांपुढे घरच्यांनी गुडघे टेकायचे असतात. मुलगा नसेल तर नात. मानयूने आजीकडे बघितलं, आजी तिच्याकडे बघत नव्हती. मानयू गुडघ्यांवर बसली आणि कपाळ फरशीला लावलं. तोंडात एवढे शब्द होते, त्यातला एकही जागेवर नव्हता.

आजीने पेटीतून शेवयांच्या जुड्या एकेक काढून पलंगावर रचल्या. कुणाला हात लावू दिला नाही. मग ते चौघे पेटी घेऊन बोळातून गेले, एकेक पाऊल, "हं... हं..." करत. आजी उंबऱ्याच्या आतच थांबली. आपल्या पेटीमागून चालत जायची रीत कुठेच नाही.

जुन्या धान्यकोठाराच्या मैदानात तीसेक पेट्या होत्या. संध्याकाळी यंत्राने त्या सगळ्या चावल्या. त्यातला आपल्या पेटीचा आवाज कुठला ते मानयूला ओळखता आलं, असं तिला वाटलं.

पुढच्या शनिवारी ती आली तर आजी आतल्या खोलीत झोपायला लागली होती. पेटी ज्या दोन बाकांवर असायची त्यांवर फळी टाकून. पलंगावरच्या शेवयांना उंदीर लागले होते, आणि आजी त्यांना हाकलत नव्हती.

"चूल गार आहे. जेवलीस काय?"

"लागतं तेवढं जेवते."

"आणि काल धाकट्या फानच्या मुलीचं लग्न होतं ना? गेली नाहीस?"

"बोलावलं नाही. बरोबरच आहे गं. शुभकार्यात कसं बोलावतील?" आजी अगदी साधेपणाने म्हणाली, जसं मिरच्या संपल्या म्हणावं. "माझ्या शेवया झाल्या ना."

रस्त्यात माणसं आजीशी अजून गोडच बोलायची, पण बोलताना तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायची. अंधारून आलं की तिला नावाने हाक मारायची नाहीत. कुणाचा दुष्टावा नव्हता त्यात. मेलेल्याशी जसं वागतात, तसं आदराने वागत होते.

मानयू तडक शुइगेनकाकाच्या अंगणात गेली. तो टोपलीला बूड विणत होता.

"काका, ते खाल्लेलं परत करा."

"काय परत करू?"

"शेवया. काहीतरी रीत असेल ना उलटी फिरवायची! नसली तर पाडा. रीत माणसंच पाडतात. तुम्ही चौघांनी गावासमोर सांगा की ते जेवण धरायचं नाही. ती मस्करी होती, माझी मस्करी. कल्पना माझी होती, काका, तिची नाही!" आणि मग तिने सगळे मुद्दे मांडले. सात मुद्दे होते, बोळातून येता येता जुळवलेले, एकही खोडून काढता येण्यासारखा नव्हता.

शुइगेनने सगळं ऐकून घेतलं. "छान बोलतेस," तो म्हणाला. "तुझं सगळं बरोबर आहे. पण पोटात गेलंय, पोरी. मी नाही म्हटलं म्हणून ते नव्हतं थोडंच होणार? माझ्या बायकोला विचार, मी त्या दिवसापासून उजव्या कुशीवर झोपत नाही. खांदा दुखतो."

तरी दुसऱ्या दिवशी तो आला. हातात झाकलेला वाडगा. झाकण काढलं तर शेवया, वर बारीक चिरलेलं मांस, कांद्याची पात, आणि काठोकाठ रस्सा, चरबीचे डोळे तरंगणारा, वाफाळता. रस्सा सांडू नये म्हणून तो सगळा बोळ पाय घासत आला होता.

"काकू, माझ्या घरच्या आहेत," तो म्हणाला. "रश्शातल्या."

आजीने वाडगा दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ त्याच्या वाफेत तोंड धरून बसली. मग एक घोट घेतला.

"आलं जास्त झालंय," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला सांग."

मानयूचा जीव भांड्यात पडला. पण आजीने काड्या उचलल्या नाहीत. शुइगेन गेल्यावर तिने वाडगा मानयूपुढे सरकवला. "खा. वाढीचं वय आहे तुझं." मानयूने खाल्लं. आजी बघत होती म्हणून सगळं संपवलं.

वर्षाच्या सातव्या महिन्यात, पहिलं भात कापायला आलं तेव्हा, आजी त्या फळीवरच गेली. आजार काही नव्हता. शेवटच्या आठवड्यात मानयू सुट्टीसाठी घरीच होती. तिने हट्ट केला, रागावली, रडली, गोष्टी सांगितल्या. आजी तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणायची, "बोल, बोल. ऐकायला बरं वाटतं."

सरकारी गाडी वेशीपर्यंत आली, आजीला जाळायला घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला मांडीवर घेऊन बसने परत आणलं. डबी तपकिरीच्या डबीपेक्षा मोठी होती, पण फार नाही.

मानयू पहाटेपासून चुलीपुढे होती. मांस उकळलं, निववलं, अंगठ्याने मापून कापलं. शेवया एकही तुटू दिली नाही. चार वाडगे अंगणातल्या बाकावर मांडले, कोरडे.

चौघे आले. धुतलेले कपडे घालून, डोक्याला पांढरी फडकी बांधून. त्यांनी वाडगे बघितले आणि त्यांना वळसा घालून आत गेले.

"काका, खा ना," मानयू म्हणाली.

"एकदाच असतं, पोरी," शुइगेन म्हणाला. "आम्ही जेवलोय. उचलायचं राहिलं होतं."

बाबा म्हणाले, "अरे शुइगेनदादा, काय उचलता? हातात मावते. मीच नेतो वर."

शुइगेनने आतल्या खोलीतली ती फळी बाहेर काढली, मधोमध डबी ठेवली, दोरीने बांधली, आणि फळीखाली दोन बांबू घातले. चौघांनी वाकून खांदे लावले. मानयू उदबत्त्या घेऊन पुढे झाली. मागे अंगणात शेवयांवरची चरबी थिजत होती, आणि शेजारचं कुत्रं भिंतीवर पाय लावून बघत होतं.

टेकडीच्या वाटेवर शुइगेन ताल धरायला बघत होता. "हं... हं..." भोपळ्याचं पाऊल पुढे पडायचं, थोरल्या फानचं मागे. बांबू हेलकावे खात होते. पेटीच्या वजनाखाली ही चार माणसं तीस वर्षं एका पावलाने चालत आली होती. आज खांद्यावर काहीच नव्हतं, आणि वजन नसल्यामुळे चौघांची पावलं शेवटपर्यंत जुळली नाहीत.